औटकी मंडळींचा पहिला अल्बम

एका जंगलात सगळं काही चारात चाले.

मुलांनो, यात नवल काही नाही. त्या जंगलात बहुतेकांना पाय चार. चार पायांचा प्राणी चालला की एक-दोन-तीन-चार होतं. पळाला तरी एक-दोन-तीन-चारच होतं, फक्त लवकर लवकर. म्हणून तिथली लग्नाची गाणी चारात होती आणि मयताचीही चारात होती. सिंहाच्या वाढदिवसाला माकडं ढोल बडवत, तोही चारात. पक्ष्यांना पाय दोनच, पण बे दुणे चार, त्यामुळे त्यांनीही कधी तक्रार केली नाही.

या जंगलात शिवराम नावाचा एक साळिंदर राहत होता. त्याला चार सोसत नसे.

याला त्याची आई कारणीभूत होती. बाकीच्या आया पिल्लांना अंगाई म्हणून झोपवत. शिवरामच्या आईला अंगाई येत नव्हती. तिला औटकी येत होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा. तुम्हाला येत नसेल. तुमच्या वडलांनाही येत नाही, पण ते तसं सांगणार नाहीत. तर रोज साडेतीन-साडेतीनच्या हिंदकळ्यांवर झोपलेलं ते पोर मोठं झालं, आणि त्याला चार ऐकला की वाटू लागलं, यात अर्धं कुणीतरी उगाच घातलंय.

शिवरामने एक कडू भोपळा वाळवला, त्यावर गुळवेलीचे सात तंतू ताणले आणि स्वतःच्याच पाठीवरचा काटा उपटून तो त्या काट्याने ते छेडू लागला. आवाज बरा निघाला. पण एकट्याने किती वाजवणार? त्याने साथीदार शोधले.

पहिला मिळाला केरबा सुतारपक्षी. केरबा दिवसभर सागाच्या खोडावर चोच आपटून किडे शोधी. किडा कुठे दडलाय याला काही ताल नसतो, त्यामुळे केरबाचे ठोके कधी पाच पडत, कधी अकरा, आणि मधेच किडा सापडला की खाईपर्यंत शांतता. केरबाच्या लेखी हे पोटापाण्याचं काम होतं. शिवरामने त्याला सांगितलं की ही कला आहे. केरबा म्हणाला, असेल बाबा, पण किडे मी खाणार.

दुसरी मिळाली हौसाक्का. ती घोरपड होती, वयाने मोठी, एका दगडावर सहा-सहा तास बसून राहणारी. ती पोकळ ओंडक्यावर शेपटी आपटी. ढुंम. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ढुंम. ती सगळ्यांत कमी वाजवी आणि सगळ्यांत कमी चुके.

तिघांनी मंडळाचं नाव ठेवलं ‘औटकी’. पाणवठ्यासमोर ओढ्याच्या मधोमध एक सपाट काळा खडक होता, त्यावर केरबासाठी सागाचं खोड आणून ठेवलं आणि रोज सकाळी ते तिथे तालमीला बसत. खडकावर बसून मोठ्याने आकडे म्हणतात म्हणून लोक त्याला गणिती खडकसंगीत म्हणू लागले. कोल्ह्याने ते पुरोगामी असल्याचं सांगितलं. पुरोगामी म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, हे पुढे पुढे जातं आणि घेतलेली ओळ परत येत नाही. आपली उधारीही तशीच असते, असं म्हणून माकडं हसली.

गायक त्यांच्यात नव्हता. एक कोकीळ आपण होऊन आला होता. त्याने तोवर बसलेल्या चारही रचना नीट ऐकल्या आणि अदबीने विचारलं, यात मी कुठे यायचं? शिवरामने खूप विचार केला. तो प्रामाणिक प्राणी होता. तो म्हणाला, तुम्ही यायचंच नाही. कोकीळ जो गेला तो सगळ्या जंगलात सांगत सुटला की त्या खडकावर वेडाची साथ आहे.

तीन वर्षांत नऊ रचना बसल्या. रचनांत शब्द नव्हते, म्हणून उरलेले सगळे शब्द शिवरामने नावांत घातले. एकीचं नाव ‘वाळवीने केलेली बेरीज’. दुसरीचं ‘ओढ्याला वळसा, पण अलीकडून’. पाचवी रचना सगळ्यांत अवघड, तिचं नाव ‘उपवासाच्या दिवशी अजगराशी झालेली चर्चा’. अल्बमचं नाव ठेवलं ‘पहिले पाढे’.

आता तुम्ही विचाराल, जंगलात अल्बम काढतात कसा? डोंगरी मैनांवर काढतात. मैना एकदा ऐकते आणि जसंच्या तसं म्हणते. एका मैनेला सगळं पाठ झालं की ती दुसऱ्या मैनांना शिकवते. मग घरोघरी एकेक मैना द्यायची. तिला एक उंबर दिलं की ती सुरू होते, दुसरं दिलं की थांबते.

ध्वनिमुद्रणाच्या सकाळी सगळं नीट चाललं होतं, पण सातव्या रचनेत एक कावळा वरून जाताना ‘काव’ म्हणाला. मैनेने तोही घेतला. शिवरामला रडू यायचं बाकी राहिलं. पुन्हा पहिल्यापासून करायला मैना तयार नव्हती. चाळीसही मैनांनी अल्बम पाठ केला तो त्या ‘काव’सकट.

प्रकाशनाला पाणवठ्यावर सारं जंगल जमलं होतं. शिवराम भोपळा मांडीवर घेऊन बसला. त्याला फार काही नको होतं. वाहवा नको, हार नकोत. या एवढ्या प्राण्यांत एकाने तरी बरोबर मोजावं, एवढंच त्याला हवं होतं.

पहिली रचना सुरू झाली. माकडांनी टाळ्या धरल्या. त्यांची तिसरी टाळी जिथे पडली तिथे काहीच नव्हतं. ती नुसती शांततेत पडली आणि सगळे त्या माकडाकडे बघू लागले. अस्वल डुलायला लागलं. दोनदा डावीकडे डुललं, उजवीकडे जायला वेळच मिळाला नाही, ते तोल जाऊन रानडुकराच्या अंगावर पडलं. हत्तीने कान हलवायला सुरुवात केली होती, तो म्हणाला, कानात दुखतंय, आणि उठून गेला. दुसऱ्या रचनेपर्यंत लोक चुळबुळायला लागले. चौथीला नीलगायी चरायला निघाल्या.

मग सगळ्यांनी धोंडोपंतांकडे पाहिलं. धोंडोपंत म्हणजे बगळा. तो पाण्यात एका पायावर उभा राही आणि जंगलातल्या कलांविषयी मत देई. या वेळी तो डोळे मिटून अगदी निश्चल उभा होता. खरं सांगायचं तर त्याला झोप लागली होती. संगीत थांबलं तेव्हा तो दचकून जागा झाला, आणि एवढे डोळे आपल्याकडे लागलेले पाहून सावरून म्हणाला, “ज्यांना हे कळतं, ते मान हलवत नाहीत.”

झालं. त्या क्षणापासून जंगलात कुणी मान हलवेना. हरणं दगडासारखी बसली. अस्वलाने श्वास रोखला. चरायला गेलेल्या नीलगायी परत आल्या आणि पहिल्या रांगेत न हलता उभ्या राहिल्या. शेवटच्या पाच रचना औटकी मंडळींनी अशा श्रोत्यांपुढे वाजवल्या की शिवरामला मधेच शंका आली, सगळे मेले की काय.

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस मैना संपल्या. ज्याच्या दाराशी ‘पहिले पाढे’ची मैना नाही तो अडाणी, असं ठरून गेलं होतं. लोक सकाळी उठून मैनेला उंबर देत आणि संध्याकाळी शेजारी झोपले की थांबवत. येणाऱ्याजाणाऱ्याला सातव्या रचनेतला तो ‘काव’ मुद्दाम ऐकवत. धोंडोपंत म्हणाला होता की त्या एका उद्गारात साऱ्या अल्बमचं सार आहे.

शिवराम घरोघर जाऊन बाहेर उभा राहून ऐके. आत मैना वाजत असे आणि घरचे लोक वांगी कुठे लावायची यावर भांडत असत. एकदा त्याने धीर करून रानडुकराला विचारलं, पाचवीत दुसऱ्या वळणाला काय होतं ते लक्षात आलं का? रानडुक्कर म्हणाला, अप्रतिम होतं. शिवराम मान खाली घालून घरी आला.

पण मुलांनो, डोक्याला कळत नसलं तरी पायांना कान असतात. दिवसभर दाराशी वाजतंय म्हटल्यावर ते हळूहळू पायांत उतरलं. गोदू नावाची एक सशीण होती, चार पोरांची आई, सकाळी गवत आणायला जाई. पूर्वी ती टुणटुण टुणटुण जायची. आता ती टुणटुणटुण, टुणटुण, थोडं थांबून टुण, अशी जाऊ लागली. तिला स्वतःला पत्ताही नव्हता. हरणंही तशीच. चितळांचा कळप ओढा ओलांडताना साडेदहाच्या हिशेबात उड्या मारी.

या गोष्टीचा त्रास एकाच प्राण्याला झाला. तो म्हणजे आप्पासाहेब बिबळ्या.

आप्पासाहेबांची शिकार इतकी वर्षं एका साध्या नियमावर चालली होती. सावज पळतं, एक-दोन-तीन-चार. चौथ्याला त्याचे पाय जमिनीला लागतात. तिसऱ्याला झेप घ्यायची, चौथ्याला मान हातात. त्यात विचार करायची गरज नव्हती. ‘पहिले पाढे’ निघाल्यापासून मात्र आप्पासाहेब चौथ्याला जिथे उतरत तिथे नुसतं गवत असे. एकदा ते घाणेरीच्या झुडपात उतरले. एकदा डबक्यात. एकदा चितळाऐवजी झेप थेट एका वारुळावर गेली, आणि त्यानंतर ते दोन दिवस उभ्यानेच झोपले. महिनाभरात त्यांच्या बरगड्या दिसू लागल्या.

दुसरा कुणी असता तर दैवाला दोष देत बसला असता. आप्पासाहेब तसे नव्हते. त्यांनी एक मैना मिळवली, खाल्ली नाही, आणि तिच्यापुढे बसून अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग पुन्हा ऐकला.

एका टळटळीत दुपारी, भल्या साळिंदरांच्या झोपेच्या वेळी, शिवरामच्या बिळाशी कुणीतरी खाकरलं. शिवरामने काटे फुलवून बाहेर डोकावलं. दारात बिबळ्या बसला होता.

आप्पासाहेबांनी आधी माफी मागितली. मग सांगितलं की ते तेरा दिवस अल्बमचा अभ्यास करत आहेत. मोजायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी अंगावरचे ठिपके वापरले. डाव्या खांद्यावर पहिली रचना मांडली होती, पाठीवर दुसरी आणि तिसरी, चौथी पोटावर. ते उताणे झाले आणि नखाने एकेक ठिपका दाखवत त्यांनी शिवरामला चौथी रचना मोजून दाखवली. एकही मात्रा चुकली नाही.

शिवरामचे फुललेले काटे खाली बसले.

“पाचवीत अडतोय,” आप्पासाहेब म्हणाले. “दुसऱ्या वळणानंतर एक मात्रा कमी पडते. मी अकरा वेळा मोजलं. शिवरामपंत, ती मात्रा जाते कुठे?”

मुलांनो, शिवराम हा प्रश्न ऐकण्यासाठी तीन वर्षं थांबला होता. खरं तर त्याच्याही आधीपासून. आईनंतर त्याला कुणी असं काही विचारलंच नव्हतं. तो बाहेर आला, धुळीत बसला आणि काट्याच्या टोकाने रेघा काढून सांगायला लागला. ती मात्रा जात नाही, ती अर्धी-अर्धी होऊन आधीच्या दोन आवर्तनांत दडते. हौसाक्काची शेपटी पडते तिथे ती असते, पण केरबा तिथे गप्प असतो म्हणून ऐकू येत नाही. आप्पासाहेब मधे मधे नेमके प्रश्न विचारत होते. दोनदा त्यांनी शिवरामचीच चूक काढली, आणि शिवरामला त्याचाही आनंद झाला. ऊन कलेपर्यंत धुळीत नऊच्या नऊ रचना मांडून झाल्या होत्या.

आप्पासाहेब उठले, अंग झटकलं आणि कृतज्ञतेने म्हणाले, “म्हणजे पाचवीत नवव्या आवर्तनाच्या शेवटी सशाचे चारही पाय हवेत असतात.”

ते गेल्यावर शिवराम बराच वेळ धुळीतल्या रेघांकडे बघत बसला. मग त्याच्या अंगावरचा एकेक काटा आपोआप उभा राहिला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पाणवठ्यावर औटकी मंडळींची जाहीर मैफल होती. सारं जंगल येणार होतं. गोदू सशीण पोरांना घेऊन पहिल्या रांगेत बसते, हे सगळ्यांना माहीत होतं. हल्ली मान हलवायची नाही म्हणून लोक मान तेवढी ताठ ठेवत आणि पायांनी उड्या मारत.

शिवराम धावत खडकावर गेला आणि दोघांना सगळं सांगितलं. केरबा एवढा चिडला की त्याने रागाच्या भरात खडकावर चोच मारली आणि मग थोडा वेळ त्याला बोलता येईना. हौसाक्का शांतपणे म्हणाली की घाबरायचं कारण नाही, पाचवी बदलू. नवव्या आवर्तनात अर्धी मात्रा वाढवू. बिबळ्या जुन्या हिशेबाने उडेल, ससे नव्या हिशेबाने. चुकेल तो.

शिवराम म्हणाला, पाचवी बदलता येणार नाही.

का, असं तिने विचारलं.

ती पूर्ण आहे, असं तो म्हणाला. त्यात अर्धी मात्रा घातली तर ती फुगून ढबू होईल.

“शिवराम,” हौसाक्का म्हणाली, “गोदूला चार पोरं आहेत.”

शिवरामने मान खाली घातली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती खरी होती, म्हणून मी सांगतोय. तो म्हणाला, बदलू. अंधार पडेपर्यंत तिघांनी नवी पाचवी बसवली. ती ढबूच झाली होती, पण बसली.

सकाळी पाणवठा गच्च भरला होता. धोंडोपंत एका पायावर उभा होता. गोदू पुढे होती, तिची पोरंही. पहिल्या चार रचना सुरळीत गेल्या. पाचवी सुरू झाली तेव्हा शिवरामने नजर वर केली, आणि श्रोत्यांच्या पलीकडच्या बोरूच्या गवतात त्याला आप्पासाहेब दिसले.

ते डोळे मिटून बसले होते. त्यांच्या शेपटीचं टोक हलत होतं. साडेतीन, साडेतीन, सात, मग एक गाळून पुन्हा साडेतीन. जिथे मात्रा लपलेली होती तिथे टोक अलगद थबके आणि पुढे जाई. एवढ्या मोठ्या जंगलात तेवढं एक टोक बरोबर होतं.

आणि नववं आवर्तन आलं तेव्हा, मुलांनो, शिवरामला जमलं नाही. त्याला अर्धी मात्रा वाढवता आली नाही. त्या शेपटीसमोर चुकीचं वाजवायला त्याचा हात धजेना. त्याने जुनी पाचवी वाजवली, जशीच्या तशी. हौसाक्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि साथ सोडायची नाही म्हणून तीही त्याच्या मागे गेली. ढुंम.

फक्त केरबा निराळं काहीतरी वाजवत होता.

ठरलेल्या ठिकाणी आप्पासाहेब उडाले. झेप नेमकी होती. हिशेबाप्रमाणे त्या क्षणी गोदू हवेत असायला हवी होती. पण सशाचे पाय तारांचं ऐकत नाहीत, ठोक्यांचं ऐकतात. केरबाचा ठोका उशिरा पडला, म्हणून गोदू अजून जमिनीवरच होती. आप्पासाहेब तिच्या डोक्यावरून गेले, तिच्या चारही पोरांच्या डोक्यावरून गेले, आणि खडकावर जे उतरले ते शिवरामच्या पाठीवर. नाक पुढे करून.

क्षणभर कुणी हललं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. धोंडोपंतांनी मत दिलं की शेवटी बिबळ्याचा प्रवेश किंचित भडक झाला, पण एकूण परिणाम चांगला. गोदूने पोरांना सांगितलं, घरी गेल्यावर असं कुणी करायचं नाही.

माणसं पांगली. म्हणजे प्राणी पांगले. खडकावर चौघेच उरले. शिवराम आप्पासाहेबांच्या नाकातून एकेक काटा काढत होता. आप्पासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळे काटे निघायच्या आतच ते नाकात बोलले.

“नवव्यात अर्धी मात्रा जास्त झाली.”

शिवरामचा हात थांबला. एवढ्या गर्दीत एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. तो उत्साहाने म्हणाला, “तारांत नाही. ठोक्यांत.”

“तेच म्हणतो. तुमचं बरोबर होतं.”

मग दोघांनी मिळून केरबाला धारेवर धरलं. आप्पासाहेब म्हणाले की एवढ्या वर्षांच्या वादकाकडून ही अपेक्षा नव्हती. शिवरामने दुजोरा दिला.  मग केरबाने सांगितलं की त्याने जुनीही वाजवली नव्हती आणि नवीही नव्हती. बिबळ्या बघून तो दोन्ही विसरला होता. भीतीने चोच थरथरत होती, ती खोडाला लागत होती, एवढंच.

हौसाक्का म्हणाली, “आज केरबा चुकला म्हणून पाच जीव वाचले. आणि तू बरोबर वाजवलंस.”  ती ओंडका घेऊन निघून गेली आणि आठ दिवस तालमीला आली नाही. त्या आठ दिवसांत शिवराम रोज गोदूच्या दारात कोवळं गवत ठेवून येई. का ते त्याने तिला सांगितलं नाही, आणि तिला वाटलं, हा आपल्यावर भाळलाय.

आप्पासाहेबांनी नदीपलीकडच्या जंगलात जायचं ठरवलं. तिथे अजून सगळं चारात चालतं असं ऐकलं होतं. शिवराम त्यांना नदीपर्यंत पोचवायला गेला. वाटेत दोघे आठव्या रचनेवर बोलत होते. नदीकाठी शिवरामला भरून आलं. आयुष्यात मिळालेला एकमेव रसिक चालला होता, आणि तो गेला तरच जंगल सुखरूप राहणार होतं. त्याने आठवण म्हणून आप्पासाहेबांना एक मैना दिली.

दोन महिन्यांनी आप्पासाहेब परत आले. पहिल्यापेक्षा बारीक झाले होते.

झालं असं की त्या जंगलात खरंच सगळं चारात होतं. पहिल्याच दिवशी एक चांगलं धष्टपुष्ट हरीण समोरून गेलं, एक-दोन-तीन-चार. आप्पासाहेब तिसऱ्याला उठले आणि पुन्हा बसले. त्यांना उडावंसंच वाटेना. पुढचं सगळं आधीच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. भूक होती, पण जीभ वळवळत नव्हती. तेव्हा ते ओढ्याकाठी बसले आणि खेकडे खायला लागले. खेकड्याला दहा पाय. तो आडवा चालतो, मधेच थांबतो, मधेच उलटा फिरतो. मोजायला बहार येते, असं ते म्हणाले.

तेव्हापासून आप्पासाहेब खेकड्यांवर आहेत. गोदूची पोरं त्यांच्या अंगावरून उड्या मारतात. जंगलाला आनंद झाला. हौसाक्का तालमीला परत आली. सगळ्यांत आनंद शिवरामला व्हायला हवा होता, आणि पहिले चार दिवस तो झालाही, पण तेवढेच.

कारण आप्पासाहेब आता रोज तालमीला येतात. सकाळी सगळ्यांच्या आधी खडकावर येऊन बसतात. शेपटीचं टोक हलत असतं. शिवरामची पाव मात्रा जरी पुढेमागे झाली तरी टोक थांबतं, आणि ते डोळे न उघडता म्हणतात, “पुन्हा.” तिसऱ्या रचनेची नवी चाल त्यांना आवडली नाही. दुसऱ्या अल्बमची सुरुवात त्यांना पहिल्याची नक्कल वाटते. ‘काव’ हा अपघात होता हे त्यांनी ओळखलं आहे आणि ते ते सगळ्यांना सांगतात. परवा केरबा म्हणाला की बिबळ्या ससे खायला टपला होता तेव्हा तालमीला निदान मोकळेपणाने बसता येत होतं.

काल शिवराम कोकिळाच्या झाडाखाली जाऊन उभा होता. बराच वेळ घुटमळून त्याने वर पाहिलं आणि विचारलं, एखादं साधंसं चारातलं गाणं बसवायला किती दिवस लागतील.

*तात्पर्य :* आपली कला जाणणारा एक जरी भेटला तरी पुरे, असं थोर लोक म्हणून गेले आहेत. त्यातल्या कुणालाही तो एक भेटलेला नव्हता. म्हणून मुलांनो, मैफलीत काही कळलं नाही तर संकोच न करता जोरात टाळ्या वाजवत जा. वाजवणाऱ्याला सुखाने जगू द्यायचं असेल तर तेवढंच आपल्या हातात असतं.